न पाहिलेली बारी

बैलगाडा शर्यत कधी न पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट आधी सांगावी लागते. त्या गाड्यावर हाकणारा कुणी नसतो. चढणीचा घाट, खाली जुंपलेले चार बैल आणि त्यांच्यापुढं एक घोडी. इशारा झाला की घोडीवाला घोडी उधळतो, बैल तिच्यामागं जीव खाऊन पळतात, आणि वर निशाणाची रेघ ओलांडेपर्यंत सगळ्या यात्रेचा जीव घड्याळाच्या काट्याला टांगलेला असतो. अशा एका धावेला बारी म्हणतात. बारी गाजली की माईकवर पुकारा होतो तो मालकाचा. फेटा मालकाला बांधतात, भंडारा बैलांवर उधळतात. घोडीवाला तेवढा वेळ पलीकडच्या वावरात घोडीला गार करत फिरवत असतो. त्याला कुणी काही विचारत नाही, आणि त्यानंही ते मनाला लावून घ्यायचं नसतं, अशी रीत आहे.

निमगाव सावाच्या संपतअण्णांच्या गाड्याचा घोडीवाला होता बहिरू.

बहिरू मूळचा डिंगोऱ्याच्याही वरचा, डोंगरातल्या एका वाडीतला. भात आणि नाचणी सोडून तिथं काही पिकत नव्हतं, आणि पिकलेलं सगळ्यांना पुरत नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत तो खाली उतरला आणि अण्णांच्या वडलांकडं सालगडी राहिला. अंगानं काटकुळा, वजन म्हणाल तर कांद्याच्या भरल्या पोत्याएवढंही नसेल. एकदा यात्रेत ठरलेला घोडीवाला ऐन वेळी पिऊन पडला, तेव्हा अण्णांनी चिडून याला उचलून घोडीवर बसवला. त्या दिवशी गाडा पहिला आला. तो बहिरू घोडीवर बसला तो बसलाच. नव्वद सालानंतरचं सगळं दशक त्यानं घोडीच्या पाठीवर काढलं म्हटलं तरी चालेल.

घोडीचं नाव मैना. तिच्यामागं पुढच्या जोडीला पळायचे गुलाब आणि वजीर. दोघंही अण्णांच्याच गोठ्यात जन्मलेले. ते वासरं होते तेव्हापासून बहिरू रोज दिवस कलताना कालव्याच्या रस्त्यानं मैनेवर बसून निघायचा आणि वासरं मोकळी मागं पळायची. रस्ता संपला की तो खाली उतरून दोघांना गुळाचा एकेक खडा द्यायचा. एवढीच त्याची शाळा. वासरांचे बैल झाले, पण मैना पुढं दिसली की गूळ जवळ आला, हे काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. लोणी, डिंगोरे, आणखी कुठले कुठले घाट त्यांनी मारले. लोक हातातली भेळ खायची विसरून उभे राहायचे.

आता यातली गंमत म्हणा, नाहीतर दैवाची चेष्टा म्हणा. एवढे घाट मारलेल्या या माणसानं आपला गाडा पळताना एकदाही पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? घोडीवाल्यानं मागं मान वळवली की घोडी वळते, घोडी वळली की बैल वळतात आणि गाडा जातो लोकांच्या अंगावर. मान सरळ, नजर निशाणावर. बहिरूनं आपले बैल फक्त ऐकले. वजीरचं मागचं पाऊल जरा उशिरा पडायचं, ते त्याला टापांत कळायचं. गुलाबचा श्वास मानेवर आल्यासारखा वाटला की तो मैनेला टाच मारायचा. रेघ ओलांडली की मैना बाजूला काढायची आणि मग बैलांना पकडायला लोकांची अशी झुंबड उडायची, की त्या गर्दीत बैलांची शिंगंसुद्धा दिसायची नाहीत.

रात्री जेवताना तो सखूबाईला, आपल्या बायकोला, विचारायचा, "आज कशी पळाली गं?"

ती लांबून, बायकांच्या घोळक्यातून पाहून आलेली असायची. म्हणायची, "लई भारी पळाली. धुरळाच धुरळा."

"आन गुलाब?"

"त्या धुरळ्यात मला काय कळतंय? एक पांढरं व्हतं आन एक कोसं."

सखूबाईला बैलांतला रंग तेवढा कळायचा. पण विचारायला माणूस होतं. मूलबाळ झालं नाही, आणि एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती गेली. त्यानंतर बारी कशी झाली हे बहिरू कुणाला विचारेनासा झाला. कांदा साठवायच्या बराखीला लागून असलेल्या खोलीत तो आणि दाराशी बांधलेली मैना, असा दोघांचा संसार राहिला. अण्णांच्या घरून कुशावहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दोन्ही वेळची भाकरी पाठवायच्या. त्यांना कधी वाटलं तर भाकरीवर लोण्याचा गोळाही असायचा.

पुढं मैना थकली आणि बहिरूही थकला. आधी कोण थकलं ते सांगता येणार नाही. एका बारीत निशाण ओलांडल्यावर मैनेचा पाय मुरगळला आणि बहिरू तिच्यावरून दगडावर पडला. गुडघा असा गेला की परत सरळ म्हणून झाला नाही. अण्णांनी दवाखाना केला, हळद-लेप केले, आणि शेवटी एके दिवशी खोलीत येऊन बाजेवर बसले.

"बहिरू, लोणीचा सुदर्शन हाय. पोरगं तरणं हाय, घोडी घरची हाय त्याची. यंदा त्याला बसवावा म्हंतो."

"बसवा की."

"तू हितंच ऱ्हा. बराखी बघ. मैना बी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. तिनं लई केलं आपलं."

अण्णा मनानं वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. म्हातारी घोडी पोसणारे मालक शोधून सापडत नाहीत. सुदर्शननं सराव सुरू केला. पहिले काही दिवस बैल बुजले, मग त्या नव्या तांबड्या घोडीमागं पळायला लागले. सराव चालायचा तेव्हा ऊन लागू नये म्हणून मैना आत, खोलीच्या सावलीत बांधलेली असायची. ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. म्हणून मैना समोर दिसली तर बैल काय करतील, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. अण्णांच्या नाही, सुदर्शनच्या नाही, आणि आश्चर्य म्हणजे बहिरूच्याही नाही.

लोणीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी अण्णाच म्हणाले, "बहिरू, उद्या ये की रं बघायला. जलमात कधी बघितलाईस का आपला गाडा?"

बहिरू हसला. त्याला ते फार आवडलं. सकाळी टेम्पोत बैल चढले, जीपमध्ये माणसं बसली, आणि या माणसाला जागा असूनही तो बसला नाही. मैनेला एकटीला दिवसभर बांधून ठेवायचं त्याच्या जिवावर आलं, आणि गुडघ्यानं घाटाची चढण चढवणार नव्हतीच. त्यानं मैनेवर घोंगडी टाकली, धुतलेली टोपी घातली आणि आडवाटेनं नदी ओलांडून लोणीला गेला. निशाणाच्या थोडं अलीकडं, बांधावरच्या बाभळीखाली त्याला मोकळी जागा मिळाली. तिथं तो मैनेचा कासरा धरून उभा राहिला. त्याला वाटलं, इथून सगळं दिसेल.

आणि दिसलं. सकाळची बारी अण्णांच्याच दुसऱ्या बैलांनी मारली होती, दुपारी फायनलला गुलाब-वजीर जुंपले. माईकवर संपतअण्णांचं नाव घुमलं. इशारा झाला. तांबडी घोडी निघाली, मागं बैल. अर्ध्या घाटापर्यंत असा गाडा पळाला की वरची माणसं टोप्या उडवायला लागली. तेवढ्यात मैनेनं कान टवकारले. तिला त्या टापा ओळखीच्या होत्या. ती एकदाच, मोठ्यानं खिंकाळली.

गुलाबनं मान फिरवली. वजीरनं त्याच्यासोबत फिरवली. पुढची जोडी फिरल्यावर मागची जोडी काय करणार? सगळा गाडा घाट सोडून बांधाकडं, बाभळीकडं, म्हाताऱ्या मैनेकडं वळला. लोक वाट फुटेल तिकडं पळाले. सुदर्शन तसाच पुढं गेला, एकट्यानंच निशाण ओलांडलं आणि हात वर करून मागं पाहिलं तर मागं कुणीच नाही. गाड्याचं चाक बांधावर आदळून मोडलं. बैल बहिरूच्या पुढ्यात येऊन फुरफुरत थांबले. देवाची कृपा, माणसाला काही झालं नाही. गुलाबचा खुर तेवढा चिरला.

फायनल गेली. पहिल्या नंबरची मोटारसायकल दुसऱ्याच कुणाच्या दारात गेली. ते एक वेळ लोक विसरले असते. पण संध्याकाळपर्यंत गावात एक वाक्य फिरायला लागलं आणि त्या वाक्यानं बहिरूचा उरलेला जन्म खाल्ला. "बहिरूनं घात केला. आपल्याबिगर गाडा पळू नये म्हणून घोडी आणून हुभी केली."

पाहणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं होतं की हा बांधावर उभा होता आणि बैल अंगावर येताना हा ओरडला नाही, हटला नाही, घोडी फिरवली नाही. नुसता उभा राहिला. मग दुसरा अर्थ तरी काय लावायचा? लोकांची चूक म्हणावी तर तेही धड म्हणता येत नाही.

अण्णा तोंडानं काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी दिली की ऐकणाऱ्याला उत्तर देता येतं. त्यांनी दिवाळीच्या आत गुलाब-वजीर सांगलीकडच्या माणसाला विकून टाकले, गाडा मोडीत काढला, आणि बहिरूशी बोलणं बंद केलं. कामावरून काढला नाही. भाकरी यायची, दिवाळीला धोतरजोडी यायची. निरोपही यायचे, पण कुशावहिनींच्या तोंडून. "बराखीचा उतरता पत्रा बघा म्हंत्यात." "गाडी भरायला येणार हाय म्हंत्यात." एकाच वस्तीवर, एकाच विहिरीचं पाणी पिऊन दोन माणसं समोरासमोरून जायची, आणि अण्णा चालता चालता आभाळाकडं पाहायचे, जणू पाऊस कधी येतो याची त्यांनाच सगळी काळजी.

बहिरूला एकच पाहिजे होतं. अण्णांनी एकदा थांबावं आणि विचारावं, बहिरू, घोडी का आणलीस? मग तो सांगणार होता. काय सांगायचं ते त्यानं मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की कांदे निवडता निवडता त्याचे ओठ हलायचे. पण आपणहून जाऊन सांगायचं म्हणजे आरोप अंगावर घेतल्यासारखं, असं त्याला वाटायचं. डोंगरातली माणसं याबाबतीत फार अवघड. विचारल्याशिवाय बोलायची नाहीत आणि विचारलं नाही म्हणून मरेपर्यंत झुरतील.

मैना त्यानंतर दोन उन्हाळे जगली. गेली तेव्हा बहिरूनं एकट्यानं बांधाला खड्डा खणायला घेतला. कुणीतरी सांगितलं असावं, कारण थोड्या वेळानं अण्णांचे गडी फावडी घेऊन आले. अण्णा नाही आले. दाराशी मैनेचा खुंटा तसाच राहिला. बहिरूनं तो उपटला नाही. येता-जाता त्याला ठेच लागायची, तरी उपटला नाही.

अशी वर्षं गेली. मग आरतीनं कार्टून काढलं.

आरती ही अण्णांची धाकटी मुलगी. नारायणगावला कॉम्प्युटर शिकली, मग पुण्याला जाऊन चित्रं पळवायचा कोर्स केला. अण्णांना तो कोर्स शेवटपर्यंत कळला नाही. कुणी विचारलं तर ते "कॉम्प्युटरमधीच हाय" म्हणून सुटका करून घ्यायचे. गावच्या यात्रेला तिनं देवळाच्या सभामंडपात पांढरा पडदा लावून आपलं पहिलं कार्टून दाखवलं. गोष्ट अशी, की एक काटकुळा माणूस बैलांचा गूळ चोरून घोडीवर बसून पळतो, बैल गूळ परत घ्यायला त्याच्या मागं लागतात, आणि त्या धांदलीत तो एकेक घाट जिंकत जातो. शेवटी सगळं गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. पोरं हसून हसून लोळली. खऱ्या बहिरूला कधी कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं, पण तेव्हापासून पोरं त्याला "गूळचोर, गूळचोर" म्हणून हाका मारायला लागली. बऱ्याच वर्षांनी आपल्याला कुणी हाक मारतंय, याचंच त्याला बरं वाटलं.

पोरांनी आरतीचा पिच्छा पुरवला. पुढं काय झालं? दुसरा भाग कधी? पुढच्या यात्रेला दुसरा भाग दाखवायचा असं ठरलं. आता जिंकणारा माणूस म्हातारा झाल्यावर पुढं काय होणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अण्णांनी जेवताना मान खाली घालूनच सांगितलं, "लोणीचं काय काढू नगंस."

आरती दुसऱ्या दिवशी बराखीत आली. बहिरू कांदे निवडत बसला होता. तीही एक पोतं ओढून शेजारी बसली आणि सडका-चांगला करायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "काका, त्या दिवशी मैनेला कशाला नेली होती?"

बहिरूच्या हातातला कांदा हातातच राहिला. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा, भलत्याच माणसाकडून आला.

"गुडघा माझा ह्यो असला. आन ती एकटी ऱ्हायली असती दिसभर. बाकी काय न्हाई, ताई."

"मुद्दाम नाही?"

"मुद्दाम कशाला करू? माझ्या हातची बैलं ती."

"मग हटला का नाहीत? ओरडला का नाहीत?"

बहिरूनं हातातला कांदा चांगल्यांत ठेवला. मग खाली पाहतच म्हणाला, "तोंडं बघत ऱ्हायलो."

"कुणाची?"

"बैलांची. जलमभर माझ्या पाठीमागं पळाली. पळताना कशी दिसत्यात, मला ठावंच न्हवतं. गुलाब जीभ बाहीर काढतो पळताना. एका बाजूला. वजीर डोळं बारीक करतो, वाऱ्यात चालणाऱ्या माणसागत. समोरून माझ्याकडं येत व्हती. लई बरं वाटलं, ताई. हटावं आसं मनातच आलं न्हाई. चूक म्हणशील तर ती हाय माझी. मला बरं वाटलं."

"हे बाबांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं न्हाई."

आरतीनं मग आणखी काही विचारलं नाही. फक्त टापांचा आवाज कसा असतो ते तिला पाहिजे होतं. बहिरूनं घमेलं पालथं घातलं आणि दोन्ही मुठींनी वाजवून दाखवलं. वजीरचं उशिरा पडणारं पाऊलसुद्धा त्यात घातलं. तिनं ते मोबाईलवर भरून घेतलं. त्या दिवसानंतर यात्रेपर्यंत बहिरूला झोप धड लागली नाही. दुसरा भाग सगळं गाव पाहणार होतं. अण्णा पाहणार होते. त्यात जे दिसेल तेच आता कायमचं खरं ठरणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला सभामंडप भरला. बहिरू आत गेला नाही. बाहेरच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी तो टेकला. तिथून पडदा तिरका पण पूर्ण दिसत होता. अण्णा आत खांबाला टेकून बसले होते.

पहिल्यांदा हसण्यासारखं बरंच होतं. म्हातारा गूळचोर घोडीवर चढताना पलीकडं पडतो, घोडी त्याच्याकडं पाहून दात काढते. मग नवा घोडीवाला आला, तांबडी घोडी आली. मग घाट आला, बांध आला, बाभळ आली. बाभळीखाली गूळचोर टोपी सावरत उभा, एकटाच, घोडीशिवाय. आतलं हसणं थांबलं. मोठ्या माणसांनी ओळखलं हे कुठलं ते.

टापा ऐकू आल्या. घमेल्यावरच्या. आणि पडद्यावरचा गूळचोर दिसेनासा झाला, कारण आता सगळं त्याच्या डोळ्यांतून दिसत होतं. लांब धुरळा, धुरळ्यातून दोन ठिपके. ठिपके मोठे झाले. गुलाबची जीभ एका बाजूला बाहेर. वजीरचे डोळे बारीक. ते घाट सोडून सरळ पडद्याबाहेर, बघणाऱ्याकडं यायला लागले, इतके जवळ आले की पुढची पोरं किंचाळून मागं सरकली. आणि दोन्ही बैलांची तोंडं पडदाभर होऊन थांबली. तिथंच संपलं.

टाळ्या वाजल्या नाहीत लगेच. एक बारकं पोरगं मात्र मोठ्यानं ओरडलं, "गूळचोराकडं आली! बैलं त्याच्याकडंच आली!" मग टाळ्या वाजल्या. काही माणसं मागं वळून पायरीकडं पाहायला लागली. बहिरूनं टोपी डोळ्यांवर ओढली.  घात केला असं आता कुणी म्हणणार नव्हतं, एवढं त्याला कळलं.

माणसं पांगली. चपला कमी होत होत शेवटी एकच जोड राहिला. तो अण्णांचा होता. अण्णा बाहेर आले, पायात चपला अर्धवट सरकवल्या आणि तसेच पायरीवर बसले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"बहिरू," अण्णा म्हणाले. किती तरी वर्षांनी म्हणाले.

"जी."

"तू घात केला न्हाईस, ते मला ठावं हाय. त्याच दिशी ठावं व्हतं. लोक काय बी बोलत्यात."

बहिरूनं त्यांच्याकडं पाहिलं.

"फायनल गेली त्याचं बी मला काय न्हाई. फायनली लई बघितल्या. मी वर निशाणापाशी हुभा व्हतो. दोनी हात वर करून हाका मारत व्हतो, गुलाब, वजीर. माझ्या गोठ्यात जलमली, माझं खाऊन वाढली. आन मला सोडून वळली तुझ्याकडं. बैलं कुणाची हायती, ते समद्या घाटानं बघितलं." अण्णांनी तोंडावरून हात फिरवला. "आज पुन्यांदा बघितलं समद्यांनी."

बहिरूनं जे उत्तर वर्षानुवर्षं घोळवलं होतं, ते या बोलण्यावर चालणारं नव्हतं. त्याला प्रश्नच दुसरा आला होता. आतून कुणीतरी पडदा सोडत होतं, दोरी सुटल्याचा आवाज आला. बहिरूच्या जन्मात त्याच्याकडं म्हणून, त्याच्यासाठी म्हणून काही धावत आलं असेल तर ते एकदाच. ते एवढं एकच त्याच्यापाशी होतं, आणि ते अण्णांना सलत होतं. आपल्याला एकट्यालाच झोप लागत नाही असं तो इतकी वर्षं समजत होता.

"माझ्याकडं न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "मैनेकडं आली. ती खिंकाळली न्हाई का? वासरं असल्यापासनं तिच्यामागं पळालेली. मी हुभा नसतो तरी आली असती."

"पिच्चरमधी तर तूच—"

"ताईकडनं घोडी काढायची ऱ्हायली. मीच सांगताना इसरलो तिला."

अण्णा त्याच्याकडं वळले. "मैनेकडं?"

"मैनेकडंच. मला कोण वळखतंय?"

अण्णांचा श्वास सुटल्यासारखा झाला. ते उठले, चपला नीट घातल्या. "सकाळी च्या प्यायला वर ये. बराखीत बसून पीत जाऊ नगंस," म्हणाले आणि गेले. बहिरू मागून एकटाच वस्तीवर आला. दाराशी खुंट्याला नेहमीची ठेच लागली.

सकाळी तो वर गेला. कुशावहिनींनी कपबशी त्याच्या हातात दिली आणि उगीचच पदरानं डोळे टिपले. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे निदान पेपर धरून बसले होते. आतल्या खोलीत आरती कॉम्प्युटरपुढं होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी कार्टून पुन्हा दाखवायचं होतं.

"ताई, त्यात घोडी काढ," बहिरू दारात उभा राहून म्हणाला. "बाभळीखाली. बैलं तिच्याकडं येत्यात, आसं दिसाया पायजे."

आरतीनं त्याच्याकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं. पोरगी हुशार होती. "घोडी पुढं काढली तर बैलांची तोंडं झाकतील, काका. गुलाबचं तर दिसणारच नाही."

"चालंल."

"आणि तुम्हाला कुठं काढू?"

"मी मागं व्हतो की. कासरा धरून. घोडीच्या मागं मी दिसत न्हाई."

तिनं मान हलवली आणि माऊस हातात घेतला. बहिरू आत आला, कपबशी टेबलाच्या कडेला ठेवली.

"काढायच्या आधी एकदा लाव," तो म्हणाला. "तेवढंच. तोंडं येत्यात तेवढंच."

तिनं लावलं. लांबून धुरळा आला, ठिपके आले, ठिपक्यांचे बैल झाले. गुलाबची जीभ एका बाजूला बाहेर, वजीरचे डोळे बारीक. घमेल्याच्या टापा घरभर झाल्या. बहिरू वाकून, एक हात टेबलावर ठेवून, तोंडं काचेला भिडेपर्यंत पाहत राहिला. मग सरळ झाला.

"हां," तो म्हणाला. "काढ आता घोडी."